मावशीचं न्हाणं आणि चौथा पेपर

टोरांटोजवळच्या हॅमिल्टनमधल्या आमच्या कॉलेजात एक सोय आहे. जो विषय तुम्हाला आधीच येतो, त्याच्या वर्गाला बसायची गरज नाही. त्याची एक परीक्षा द्यायची. कॉम्प्युटरवर शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, बरोबर वाटेल त्यावर क्लिक करायचं. पास झालात तर त्या विषयाचं क्रेडिट तुमच्या नावावर. नापास झालात तर मुकाट्यानं वर्गात जाऊन बसायचं, आपल्या मुलीच्या वयाच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून, चार महिने. आणि ही परीक्षा एकदाच देता येते. गैरहजर राहिलात तरी ती संधी गेलीच. इथे याला चॅलेंज एक्झाम म्हणतात.

मी मुंबईत बावीस वर्षं नर्स होते. इथे आले तेव्हा कळलं, की माझं नर्सिंग स्कूल बंद पडलंय आणि त्याचं रेकॉर्ड कुठल्या कपाटात कुजतंय ते कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे झालं, बावीस वर्षं गेली पाण्यात. मग मी एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागले. आंघोळी घालायच्या, भरवायचं, कूस बदलायची. कामाची लाज नव्हती. पण पंचविशीतली नर्स येऊन मला नाडी कुठे बघायची ते शिकवायला लागली, की माझं डोकं सणकायचं. मी मुळात फटकळ. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा सुपरवायझरनं बोलावून घेतलं.

नर्सिंगच्या कोर्सला सप्टेंबरमध्ये प्रवेश हवा असेल तर चार विषयांची क्रेडिट्स मे महिन्यापर्यंत हातात पाहिजेत, असं कॉलेजनं सांगितलं होतं. नाहीतर पुढचं वर्ष. मी एकोणपन्नास वर्षांची. नवरा एडमंटनला कामाला, घरात मी आणि मुलगी. पुढचं वर्ष, पुढचं वर्ष करत माणूस म्हातारा होतो, हे मी रोज शिफ्टवर बघत होते. म्हणून चारही परीक्षा द्यायच्या ठरवल्या.

हे ठरवलं मी, पण माझ्या मानगुटीवर बसून करून घेतलं मावशीनं.

मावशी माझी सख्खी कोणी नव्हे. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. अलिबागकडची आमची गावं, घाणे चालवणारे आमचे पूर्वज. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना शनवार तेली हे नाव दिलं. टोरांटोत आमची मराठी बोलणारी घरं इतकी थोडी, की नवीन कोणी आलं की पंधरा दिवसांत सगळ्यांना बातमी लागते. आम्ही आलो तेव्हा पहिली चार वर्षं मावशीच्या बेसमेंटमध्ये राहिलो. पहिल्याच आठवड्यात तिनं वरून हाक मारून विचारलं, की बोंबील खातेस का, आणि मी कपाळाला हात लावला, कारण बिनखवल्यांचा मासा आमच्या धर्मात चालत नाही, आणि बोंबलाला खवले नसतात असं आमचे काही लोक म्हणतात आणि काही म्हणतात असतात. तिथून आमचं भांडण सुरू झालं आणि त्याच भांडणातून माया जडली. महिन्याभरात मी तिला अगंतुगं करायला लागले.

मावशीसुद्धा नर्स होती. चाळीस वर्षांपूर्वी या देशात आली तेव्हा तिला सांगितलं, की सगळं पहिल्यापासून शिका. तिच्या पदरात दोन वर्षांचा मुलगा होता. ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात लागली आणि तिथूनच रिटायर झाली. मी या परीक्षांचं बोलले तेव्हा तिनं मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, आमच्या वेळी असलं काही नव्हतं गं. असतं तर मी दिली असती. त्या दिवसापासून माझी परीक्षा ही तिची परीक्षा झाली.

आम्ही हॅमिल्टनला आलो तरी रोज दुपारी चार वाजता तिचा फोन यायचा. माझ्याकडे असलेल्या पुस्तकाचीच दुसरी प्रत तिनं लायब्ररीतून आणली होती. ती प्रश्न वाचायची, मी उत्तर द्यायचं. तिला कमी ऐकू यायचं. कानातलं मशीन ती ड्रॉवरमध्ये ठेवायची, म्हणे ते शिट्टी मारतं. त्यामुळे मला ओरडून उत्तरं द्यायला लागायची. मूत्रपिंडाची कामं, इन्सुलिन कधी द्यायचं, जुलाब झालेल्या माणसाची काळजी, सगळं मी स्वयंपाकघरात उभी राहून बोंबलत होते. शेजारचा पोर्तुगीज म्हातारा एकदा लिफ्टमध्ये म्हणाला, की मला आता सगळं पाठ झालंय, मीच देतो परीक्षा.

माझं चुकायचं ते एकाच ठिकाणी. मी वॉर्डात जे केलं असतं ते सांगायची. मावशी वैतागायची. "तुझं शहाणपण कोणी विचारलंय? पुस्तकात काय आहे ते सांग," म्हणायची. पहिल्या तिन्ही परीक्षा मी अशाच तिच्या शिव्या खाऊन पास झाले. प्रत्येक वेळी निकाल सांगितला की ती एवढंच विचारायची, पुढची कधी?

चौथी राहिली होती. विषय होता शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा. मरणाऱ्या माणसाची आणि त्याच्या घरच्यांची काळजी कशी घ्यायची, मरणानंतर देहाचं काय करायचं. मी म्हटलं, हा तर माझ्या हातचा मळ. कारण हे काम मी हॉस्पिटलबाहेरही करत आलेय.

आमच्यात बाई गेली की तिला न्हाणं बायकाच घालतात. मला ते आईनं शिकवलं, मी तिशीत होते तेव्हा. कोमट पाणी, एका वेळी एकच अंग उघडायचं, बाकीचं झाकून ठेवायचं. तिच्या अंगावरून काही दुसरीकडे द्यायचं नाही, वळसा घालून जायचं. इकडचं तिकडचं बोलायचं नाही. आणि सगळं झालं, पांढरे कपडे घालून झाले, की तिची माफी मागायची. आमच्या हातून काही चुकलं असेल, तुला काही टोचलं असेल, तुझा मान राखायचा राहिला असेल, तर माफ कर. हे तिला ऐकू येईल असं म्हणायचं, असं आई सांगायची.

मार्चमधल्या एका रविवारी मी मावशीकडे गेले होते. ती खिडकीतल्या सब्जाच्या कुंडीची सुकलेली पानं काढत होती. त्यातलंच एक रोप तिनं मला दिलं होतं, ते माझ्याकडेही जगलं होतं. ती कुंडीकडेच बघत म्हणाली, "मला न्हाणं तू घालायचंस. इथल्या बायका चांगल्या आहेत, नीट करतात. पण शेवटी माफी मागतील ती मला कळणार नाही. मला मराठीत माग. आणि पाण्यात सब्जाची चार पानं टाक."

मी म्हटलं, तू मला आधी पास तर होऊ दे. ती हसली नाही. घालशील ना, असं पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, तो गार होता, आणि मग आम्ही चहा घेतला.

चौथी परीक्षा मे महिन्यातल्या एका शुक्रवारी होती, दुपारी एक वाजता. गुरुवारी सकाळी नऊला टोरांटोच्या हॉस्पिटलमधून फोन आला. मी पोळ्या लाटत होते. माझी मुलगी समोर बसून सिरीयल खात होती, तिचा पहिला तास त्या दिवशी दुपारी होता. फोनवरच्या बाईनं विचारलं, तुम्ही पेशंटची मुलगी का? मी क्षणभरही न थांबता हो म्हटलं. ती म्हणाली, तातडीचा नंबर म्हणून त्यांनी तुमचं नाव पहिलं दिलंय, नात्याच्या जागी मुलगी असं लिहिलंय. मग तिनं सांगितलं, की पहाटे छातीत दुखायला लागलं म्हणून मावशीनं स्वतःच अॅम्ब्युलन्स बोलावली, आणि साडेआठला ती गेली.

मी गॅस बंद केला. तव्यावर पोळी तशीच राहिली.

दुपारपर्यंत तिचा मुलगा लंडनहून पोहोचला. इथलं लंडन, दोन तासांवरचं. तो माझ्याहून सातआठ वर्षांनी लहान. आमच्याशी नेहमी इंग्लिशच बोलत आला, पण मराठी सगळं कळतं त्याला. त्यानं फोन केला. आमच्यात मयत ठेवत नाहीत, आणि शनिवारी दफन होत नाही, म्हणजे शुक्रवारीच करायला हवं. कबरस्तान शुक्रवारी तीनला बंद होतं. न्हाणं घालायची खोली दुपारी बाराला मिळत होती, दफन अडीचला. मला म्हणाला, की आई सांगायची तू करणार आहेस, बाराला येशील ना? मी म्हटलं, बघते, परीक्षेची वेळ बदलून घेते.

रविवारी दफन करता येईल का, असं मी त्याला विचारून बघितलं. तो म्हणाला, नको, तिला तीन रात्री तिथे एकटी ठेववणार नाही माझ्याच्यानं. त्याचं बरोबरच होतं.

मी कॉलेजच्या परीक्षा विभागाला फोन लावला. एका बाईनं घेतला, आवाज गोड, वयानं माझ्याएवढी असावी. मी सांगितलं, की उद्याची परीक्षा पुढे ढकलायची आहे, एक मृत्यू झालाय. तिनं आधी मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं. जवळच्या नात्यातलं कोणी असेल तर आठवड्याभरात दुसरी तारीख देता येते, म्हणाली. मग विचारलं, तुमचं नातं काय?

आता मला सगळं स्पष्ट आठवतं. ओट्यावर पुस्तक उघडं होतं. त्यात मावशीनं सांगितलेल्या खुणा होत्या. सगळं ताजं होतं, डोक्यात भरून ठेवलेलं, आणि मला कळत होतं की आठवड्यानं हे असं राहणार नाही. उद्या तिला न्हाऊ घातल्यावर तर माझ्या डोक्यात काहीच राहणार नाही. मला परीक्षा द्यायची होती. खरं सांगायचं तर एवढंच होतं. बाकी सगळ्या सबबी नंतर सुचल्या.

मी म्हटलं, "नातं असं नाही. कोणी नाही. ओळखीच्या एक बाई."

त्या बाईनं तिथेही सोडलं नाही. म्हणाली, कधीकधी कुटुंबासारखी माणसं असतात, तसं काही असेल तर सांगा, मी लिहून घेते, कागद मागणार नाही. म्हणजे दार तिनं उघडून धरलं होतं. मी म्हटलं, नाही, तसं काही नाही. मग ती म्हणाली, ठीक आहे, तर परीक्षा उद्या एकलाच.

फोन ठेवून मागे वळले तर मुलगी दारात उभी. शाळेची बॅग खांद्यावर. तिनं सकाळचाही फोन ऐकला होता. "यू सेड नोबडी?" एवढंच म्हणाली. मी तिच्यावर खेकसले, की तुला काय कळतंय, जा, उशीर होतोय. ती गेली. मला तिची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

मावशीच्या मुलाला मी सांगितलं, की कॉलेज वेळ बदलून देत नाही. तो ओके म्हणाला. मग म्हणाला, इट्स ओके, शी वुड वॉन्ट यू टु राइट इट. मीही मनाशी तेच घोकत होते, की मावशीलाच हे हवं असतं. कदाचित हवंही असतं. पण तिला विचारून मी ठरवलं नव्हतं, आणि तिच्या नावावर खपवत होते.

शुक्रवारी बाराला मी कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होते. तिकडे आता पाणी ओतत असतील, आता पाठ, आता केस, असं घड्याळाबरोबर डोक्यात चाललं होतं. सब्जाची पानं मी सकाळी खुडून ओल्या रुमालात बांधली होती. ती पर्समध्ये होती. का घेतली होती, देव जाणे. एकला मी आत जाऊन बसले.

एकसष्टावा प्रश्न. नंबर लक्षात राहिलाय, कारण मी त्याच्याकडे फार वेळ बघत बसले होते. पेशंटचा मृत्यू झाला आहे, ती एका अल्पसंख्य धर्माची आहे, देहाची शुश्रूषा करण्यापूर्वी नर्सनं सर्वप्रथम काय करावं? चार उत्तरं होती. तिसरं होतं, जवळच्या माणसांना विचारावं की त्यांच्या रीती काय आहेत आणि त्यांना स्वतः सहभागी व्हायचं आहे का.

मी तिसऱ्यावर क्लिक केलं. बरोबर होतं ते. पुस्तकात तेच होतं.

संपल्याबरोबर स्क्रीनवर निकाल आला. शंभरात चौऱ्याण्णव. चारी परीक्षांत सगळ्यांत जास्त. माझा हात पर्समधल्या फोनकडे गेला, मावशीला सांगायला. रुमालाला लागला आणि मग आठवलं.

तशीच गाडी काढून टोरांटोला गेले. ट्रॅफिक होता. पोहोचले तेव्हा चार वाजून गेले होते आणि कबरस्तानाचं फाटक बंद होतं. गजांतून आत दूरवर ताज्या मातीचा उंचवटा दिसत होता, तिचाच असेल किंवा दुसऱ्या कोणाचा. पानं काळी पडली होती. सूर्य मावळला की शब्बाथ, आमचा विश्रांतीचा शनिवार, लागतो, त्याआधी घरी पोहोचायचं होतं म्हणून परत फिरले. मेणबत्त्या लावल्या. मुलगी शेजारी उभी राहिली, पण नेहमीसारखी खांद्याला टेकली नाही.

सप्टेंबरमध्ये मला प्रवेश मिळाला. कॉलेजच्या पत्रात चार विषयांसमोर क्रेडिट दिल्याचं लिहिलं होतं, आणि कारणाच्या जागी पूर्वीचं ज्ञान. मी ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि माझी झोप उडाली. शिफ्टवर कोणाला आंघोळ घालताना एकदम हात थांबायचा. एक म्हातारी चक्क म्हणाली, बाई, पाणी गार होतंय, कुठे आहेस तू?

आमचा एक सण जवळ येत होता. बाकीचे ज्यू त्याला किपूर म्हणतात. कोकणात आमच्या म्हाताऱ्या त्याला दारं लावायचा सण म्हणायच्या. दिवसभर निर्जळी उपास, पांढरे कपडे, घराची दारं लावून बसायचं, कोणाचा स्पर्श नको. संध्याकाळी वरची, देवाघरची दारंही लागतात, त्याआधी जी माफी मागायची ती मागून घ्यायची. मी सिनेगॉगमध्ये राबायना, आमच्या धर्मगुरूंना, गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला नावं ठेवली नाहीत आणि समजूतही घातली नाही. म्हणाले, ही माफी देवाकडे मागून भागणार नाही, ती बाईंकडेच मागायची. आणि माणूस गेलेलं असेल तर रीत अशी, की दहा पुरुषांना घेऊन कबरीवर जायचं, त्यांच्यासमोर काय केलं ते मोठ्यानं बोलायचं, आणि त्यांनी तीनदा माफ म्हणायचं.

दहा जण जमवायचे म्हणजे दहा घरी फोन. प्रत्येक जण विचारणार, कशासाठी? मी सांगितलं, मावशीची माफी मागायची आहे, बाकी तिथेच बोलेन. आमच्या लोकांना एवढं पुरतं, आणि चघळायलाही पुरतं. मावशीच्या मुलाला मात्र फोन केला नाही. धीरच झाला नाही.

रविवारी सकाळी कबरस्तानात नऊ जण आले. दहावा हॅमिल्टनहून येणार होता, त्याच्या गाडीचा टायर बसला. आम्ही वाट बघत उभे राहिलो. वारा गार होता. मुलगी माझ्या मागे होती, मी बोलावलं नव्हतं तरी गाडीत येऊन बसली होती. मग फाटकातून एक माणूस चालत आला आणि मी ओळखलं, मावशीचा मुलगा. कोणीतरी त्याला कळवलं असणार. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली आणि जाऊन त्यांच्यात उभा राहिला. दहा झाले.

मी सब्जाची पानं मातीवर ठेवली. कशीबशी बोलायला लागले. म्हटलं, तुला न्हाणं घालायचं कबूल करून मी आले नाही. कॉलेज वेळ बदलून देत होतं, मी खोटं सांगितलं. त्यांनी नातं विचारलं तेव्हा मी, कोणी नाही, म्हणाले. दोनदा विचारलं, दोनदा म्हणाले.

कॉलेज वेळ बदलून देत नाही, असं ज्याला मी सांगितलं होतं तो माझ्यासमोर चार हातांवर उभा होता. राबायनी खूण केली, पण माफ म्हणायच्या आधी त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. म्हटलं, आता हा जाणार, आणि नऊच राहणार.

तो एक पाऊल पुढे आला आणि मराठीत बोलला. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच मराठी बोलताना ऐकलं, जीभ अडखळत होती.

"मोठ्यानं बोल," म्हणाला. "आईला कमी ऐकू यायचं."

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. स्वयंपाकघरात उभी राहून उत्तरं द्यायची तशी, ओरडून.